पहिला काप मारण्याआधी: पाईप कापायचा आणि कामं लावायचा हिशेब

एप्रिल संपत आला की आमच्या कुडाळच्या बाजूला कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिवसाला दहा वेळा एकच वाक्य कानावर येतं: "मृगाआधी पत्रे चढूक होये हां!" पडवीपुढचं छप्पर असो, खळ्यातला मांडव असो की गाडी उभी करायची शेड, सगळ्यांना ७-८ जूनच्या आत हवं असतं. माणसं तेवढीच, पाईप कापायचं यंत्र म्हणजे चॉपसॉ एकच, आणि पाईपची गाडी घाट उतरून आली तर आली.

या घाईत आपण दोन प्रश्न वेगवेगळे सोडवतो. पाईप किती मागवायचे, हे मालक फोनवर सांगतो. कुठलं काम आधी घ्यायचं, हे जो जास्त ओरडतो त्याच्यावर ठरतं. माझा अनुभव असा, की हे दोन प्रश्न एकाच कागदावर मांडले तर पाईपही वाचतो आणि दिवसही. कागदाला अर्धा तास लागतो. गणित नववीच्या पलीकडचं नाही. जिथे आहे, तिथे ते कॉम्प्युटर करतो.

आधी माप, मग हिशेब

'वीस फुटी' पाईप म्हणजे ६,०९६ मिलिमीटर. पण बऱ्याचदा गाडीतून उतरतो तो सहा मीटरचा, म्हणजे ६,००० मिलिमीटर. ९६ मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण कापाची मांडणी त्यावरच तरते किंवा बुडते. लॉट आला की चार-पाच पाईपना टेप लावा आणि त्यातला सगळ्यात आखूड धरून चाला.

दुसरं, चकती जे खाते ते. चॉपसॉची १४ इंची चकती साधारण ३ मिलिमीटर माल उडवते. हे मी एकदा विसरलो होतो. एका कामाला २,४०० चा एक आणि १,८०० चे दोन असे तुकडे हवे होते. बेरीज बरोबर ६,०००! कागदावर इतकं सुंदर बसलं की मी खूश. आठ पाईप कापून झाल्यावर मिस्त्रींनी टेप लावला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. प्रत्येक पाईपमधला शेवटचा तुकडा १,७९४ निघाला होता. दोन काप, सहा मिलिमीटर. ते आठ तुकडे पुढे दुसऱ्या कामात आखूड करून वापरले, पण त्या दिवशी नवीन पाईप फोडावे लागले ते लागलेच.

यावर एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक तुकड्याच्या मापात चकतीचे ३ मिलिमीटर मिळवायचे आणि पाईपच्या लांबीतही एकदाच ३ मिळवायचे. पाईप ६,००३ चा समजा आणि १,६०० चा तुकडा १,६०३ चा. लांबीत एकदाच का? पाईप पूर्ण भरला तर शेवटच्या तुकड्यानंतर काप पडत नाही, म्हणून. पुढे चकतीचा विचारच करायला नको, साध्या बेरजा करायच्या.

तिसरं, प्रत्येक सेक्शनचा हिशेब वेगळा. दीड इंची चौकोनी पाईप आणि दोन बाय एक एका यादीत घालू नका. जाडीही वेगळी लिहा.

तीन घरं, एक यादी

मापं सोयीसाठी गोल केली आहेत, पण असं काम दर मे महिन्यात असतंच. तीन घरांच्या पडव्यांचे सांगाडे, सगळे एकाच चौकोनी पाईपचे. प्रत्येक घराला २,७०० चे ४ खांब आणि १,६०० च्या ८ आडव्या पट्ट्या. शिवाय १,१०० चे तिरके आधार: पहिल्या दोन घरांना दोन-दोन, तिसऱ्याला एक. म्हणजे एकूण १२ खांब, २४ पट्ट्या, ५ आधार.

घरागणिक पाईप मागवले तर प्रत्येक घराला पाच, एकूण १५. कसंही फिरवा, एका घराला चारात भागत नाही.

आता तिन्ही घरं एकत्र घेऊ आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने कापू: मोठा तुकडा आधी, तो संपला की त्याखालचा. एका पाईपमधून दोन खांब, मागे ५९४ उरले. असे सहा पाईप. मग एका पाईपमधून तीन पट्ट्या, उरले १,१९१, त्यात एक आधार बसतो. असे आठ पाईप, आणि पाचही आधार त्या उरलेल्या जागांतच निघतात. एकूण १४. एक पाईप वाचला, तोही नुसती यादी एकत्र केल्याने.

आता कापण्याआधी थोडं थांबून बघा. दोन खांबांमागे जवळजवळ ६०० मिलिमीटर भंगारात जातायत, सहा वेळा. त्याऐवजी एका पाईपमधून एक खांब आणि दोन पट्ट्या काढल्या तर? २,७०३ अधिक १,६०३ अधिक १,६०३, झाले ५,९०९. मागे उरतात फक्त ९१ मिलिमीटर. खांब १२ आणि पट्ट्या २४, म्हणजे असे बारा पाईप झाले की दोन्ही मापं संपली. पाच आधार तेराव्या पाईपमधून. एकूण १३.

बारात होईल का? सगळ्या तुकड्यांची चकतीसकट बेरीज करा: ७६,४२३. तिला ६,००३ ने भागा: १२.७३. म्हणजे बारात कुणाचा बाप आला तरी होणार नाही. हा भागाकार आधी करायची सवय लावा. आपण तळाला पोचलो की अजून डोकं खाजवायला जागा आहे, ते तोच सांगतो. तेरा आला आणि हातात तेराचीच मांडणी असेल, तर पेन खाली ठेवा आणि चहा घ्या.

आता मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मोठा-आधी पद्धतीत पहिले सहा पाईप कापून झाले तरी मिस्त्रींकडे फक्त खांब असतात. पहिल्या घराचा पूर्ण संच हातात येतो नवव्या पाईपनंतर. दुसऱ्या मांडणीत आधारांचा पाईप आधी कापून घेतला की पुढच्या चार पाईपमध्ये पहिलं घर संपतं, म्हणजे पाचव्याच पाईपला. मिस्त्री वेल्डिंगचे टाके मारायला बसतात आणि तिकडे दुसऱ्या घराचे काप चालू राहतात. दरवेळी असं दुहेरी बसत नाही. कधी कधी सगळ्यात कमी भंगाराची मांडणी चार कामं अर्धवट करून ठेवते. तसं झालं तर मे महिन्यात मी एक पाईप जास्त गेलेला चालवून घेतो, नोव्हेंबरमध्ये नाही.

मोठा-आधी पद्धतीला मी नावं ठेवत नाही. ती सर्वोत्तम उत्तराच्या ११/९ पटीपेक्षा, म्हणजे साधारण २२ टक्क्यांपेक्षा, फार पुढे कधी चुकत नाही हे १९७३ सालीच सिद्ध झालंय, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती याहून खूपच बरी निघते. दहा-बारा तुकड्यांचं काम असेल तर तीच वापरा. यादी मोठी आणि मापं थोडी असली की मात्र मांडणीला बसायचं.

मांडण्या शोधायच्या कशा?

तीन मापं असली तर डोळ्यांनी दिसतं. सात मापं झाली की मांडण्या, म्हणजे एका पाईपमधून तुकडे काढायच्या तऱ्हा, शेकड्यांनी होतात. सगळ्या लिहीत बसायची गरज नाही, हे १९६१ साली आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी दाखवलं. त्यांची कल्पना एखाद्या व्यापाऱ्यासारखी आहे: प्रत्येक तुकड्याला भाव लावायचा.

आपलंच उदाहरण घ्या. सुरुवातीला अगदी बाळबोध मांडण्या धरा: पाईपला दोन खांब, पाईपला तीन पट्ट्या, पाईपला पाच आधार. म्हणजे खांबाचा भाव अर्धा पाईप, पट्टीचा एक तृतीयांश, आधाराचा एक पंचमांश. आता कुठलीही नवी मांडणी पुढे आली की तिच्यातल्या तुकड्यांची या भावाने किंमत करा. एक खांब आणि दोन पट्ट्या: ०.५० अधिक ०.६७, झाले १.१७. एका पाईपमधून सव्वा पाईपच्या आसपास माल निघतोय, म्हणजे ही मांडणी घ्यायची. तीन पट्ट्या आणि एक आधार: १ अधिक ०.२०, झाले १.२०. हीसुद्धा घ्यायची. दोन पट्ट्या आणि दोन आधार: १.०७, जेमतेम. एकाच्या खाली येईल ती सोडून द्यायची. नव्या मांडण्या आत घेतल्या की भाव बदलतात, मग त्या भावाने पुन्हा शोध. एकाच्या वर कुठलीच जात नाही तेव्हा शोध संपला. शेवटी कुठली मांडणी किती वेळा याचे अपूर्णांक पूर्ण पाईपांत आणताना एखादा पाईप इकडेतिकडे होऊ शकतो, एवढंच.

या विद्येचं मूळ लाकडाच्या धंद्यात आहे. लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यांनी कोणत्या यंत्रावर कोणता माल किती चढवायचा हा प्रश्न लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञापुढे ठेवला आणि त्यातून त्याची १९३९ सालची पुस्तिका निघाली. त्या दिशेच्या कामासाठी त्याला १९७५ साली अर्थतज्ज्ञ कूपमन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्लायवूडच्या दुकानात घासाघीस करताना मला हे हटकून आठवतं.

एक्सेलमध्ये पाच मिनिटं

एक्सेलचा सॉल्व्हर किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमधला सॉल्व्हर पुरतो. सॉल्व्हर म्हणजे अटी सांगितल्या की सगळ्यात चांगलं उत्तर शोधून देणारी सोय. ओळींत मापं लिहा, उभ्या रकान्यांत मांडण्या. आपल्या उदाहरणात खांबाच्या ओळीत २, १, ०, ० असं येईल, पट्टीच्या ओळीत ०, २, ३, ०, आधाराच्या ओळीत ०, ०, १, ५. खाली एक रिकामी ओळ ठेवा, कुठली मांडणी किती वेळा कापायची त्याची. हीच ओळ सॉल्व्हर भरणार. प्रत्येक मापापुढे 'समप्रॉडक्ट' (दोन ओळींतले आकडे जोडीने गुणून बेरीज करणारं सूत्र) लावून किती तुकडे निघाले ते काढा.

मग सॉल्व्हरला तीन गोष्टी सांगा. एकूण पाईप कमीत कमी कर. प्रत्येक मापाचे तुकडे हवे तेवढे किंवा जास्त असू देत. खालच्या ओळीतले आकडे पूर्णांकच हवेत. ही तिसरी अट लोक विसरतात आणि मग उत्तर येतं साडेसहा पाईप. दुसऱ्या अटीत 'बरोबर तेवढेच' असं लिहू नका. एखादा तुकडा जास्त निघाल्याने पाईप वाचत असेल तर निघू दे.

मापं खूप असतील आणि घरात कुणी पायथन शिकलेलं पोर असेल, तर गुगलचं ओआर-टूल्स फुकट आहे. कापणी आणि वेळापत्रक दोन्ही त्यात होतं. पण त्याआधी महिनाभर कागदावर करा. आपल्या शेडमधल्या अटी आपल्यालाच माहीत नसतील तर कॉम्प्युटरला काय सांगणार?

उरलेले तुकडे: वही आणि गंज

"तो धा फुटी तुकडो खंय गेलो?" हा प्रश्न ज्या शेडमध्ये रोज विचारला जातो, तिथे मांडणीचं गणित शिकून उपयोग नाही. तुकडा उरला की त्याच्या टोकावर मार्करने लांबी लिहायची, वहीत सेक्शन आणि लांबी नोंदवायची, आणि तुकडे लांबीप्रमाणे असे रचून ठेवायचे की आखूड पुढे दिसतील. नवीन कामाची यादी आली की आधी वही बघायची. एक्सेलमध्ये तो तुकडा म्हणजे आखूड पाईप, त्याची मांडणी जास्तीत जास्त एकदाच.

किती आखूड तुकडा ठेवायचा? बाहेरगावच्या सल्ल्यात एकच आकडा मिळतो. आपल्याकडे तो ऋतूप्रमाणे बदलायला हवा. खाऱ्या हवेत काळा, म्हणजे मुलामा नसलेला, पाईप एक पावसाळा उघड्या तोंडाने पडून राहिला की आतून खपल्या सुटतात, बाहेरून ठीक दिसला तरी. म्हणून मी दिवाळीनंतर ५०० मिलिमीटरपर्यंतचे तुकडे ठेवतो, कारण पुढचे सहा महिने ते खपतील. मे महिन्यात हजाराच्या खालचं सगळं भंगारवाल्याला. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाईपला थोडी सवलत, पण कापलेल्या तोंडाला तिथेही प्रायमर लावून ठेवतो.

याचा मांडणीवर उलटा परिणाम होतो. मे महिन्यात १४ पाईपची मांडणी १,१९१ चे तीन तुकडे शिल्लक ठेवते. ते खपणार असतील तर ती मांडणी दिसते तेवढी वाईट नाही. खपणार नसतील तर ते तुकडे भंगारच समजून हिशेब करा. वहीत पडलेला तुकडा म्हणजे वाचलेला पैसा नव्हे.

आता कामं लावू

आपल्याकडे काम दोन टप्प्यांतून जातं: आधी काप, मग जोड. अशा दोन टप्प्यांसाठी १९५४ साली सेल्मर जॉन्सन यांनी एक नियम दिला. तो इतका सोपा आहे की भिंतीवर खडूने लिहून ठेवता येतो. सगळ्या कामांच्या कापाचे आणि वेल्डिंगचे तास लिहा. त्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा. तो कापाचा असेल तर ते काम सगळ्यात आधी, वेल्डिंगचा असेल तर सगळ्यात शेवटी. ते काम खोडा आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करा.

चार कामं, आली त्या क्रमाने:

पडवी: काप ४ तास, वेल्डिंग ५
खिडक्यांची ग्रिल: काप ६, वेल्डिंग २
गेट: काप १, वेल्डिंग ६
दुकानाचा रॅक: काप ३, वेल्डिंग ३

आली तशी घेतली तर शेवटचं वेल्डिंग २१ व्या तासाला संपतं. मधे मिस्त्री एक तास हात बांधून बसतात, कारण ग्रिलचे काप संपत नाहीत. जॉन्सनच्या नियमाने क्रम येतो गेट, रॅक, पडवी, ग्रिल, आणि काम १७ व्या तासाला संपतं. वेल्डिंगचेच एकूण १६ तास आहेत आणि पहिला काप एक तासाचा, म्हणजे १७ च्या खाली जाणं शक्यच नाही. चार तास वाचले, माणूस न वाढवता.

हा नियम वापरताना वेल्डिंगच्या तासांत रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखायचा लाल रंग, धरू नका, तो टप्पा वेगळा आहे. जूनच्या दमट हवेत तो वाळेपर्यंत तुम्ही थांबणार, मशीन नाही. आणि दोन वेल्डर असतील तर कामं वाटताना मोठं काम आधी द्यायचं, जो मोकळा होईल त्याला पुढचं मोठं. दोन माणसांत असं वाटप सर्वोत्तमापेक्षा सहाव्या हिश्श्याहून जास्त कधी चुकत नाही, हे ग्रॅहॅम यांनी १९६९ मध्ये दाखवून ठेवलंय.

मृगाआधी सगळं होणार नसेल तर

जॉन्सनला तारखा कळत नाहीत, गिऱ्हाइकाला फक्त तारखाच कळतात. पहिला नियम: ज्याची तारीख जवळ ते आधी. सगळं वेळेत बसत असेल तर याच क्रमाने नक्की बसतं. पण मे महिन्यात बसत नाहीच, आणि मग हाच क्रम सगळ्यांना थोडं थोडं रखडवतो.

समजा पाच कामं आहेत. दिवस लागणार ३, २, ६, २, ३. मुदत अनुक्रमे चौथा, सहावा, नववा, दहावा आणि बारावा दिवस. तारखेप्रमाणे घेत गेलो तर पहिली दोन वेळेत होतात, तिसरं अकराव्या दिवशी संपतं, चौथं तेराव्या आणि पाचवं सोळाव्या. तिघांच्या शिव्या.

मूर यांची १९६८ ची रीत अशी: तारखेच्या क्रमाने कामं घेत जा. एखादं मुदत ओलांडलं की आतापर्यंत घेतलेल्यांतलं सगळ्यात लांबलचक काम काढून शेवटी टाका. इथे तिसऱ्याला गाडी अडते, आणि लांबलचक तेच, सहा दिवसांचं. ते बाजूला काढलं की चौथं सातव्या दिवशी संपतं, पाचवं दहाव्या. काढलेलं काम सोळाव्या दिवशी, म्हणजे तीनांऐवजी एकच उशिरा. ते काम कुठलं, हे आज कळतं, नवव्या दिवशी नाही. त्या गिऱ्हाइकाला आजच फोन करायचा.

पण इथे कॉम्प्युटरचं ऐकू नका. रीत सगळ्या गिऱ्हाइकांना सारखं मानते. ज्याची कौलं काढून ठेवली आहेत आणि घरात म्हातारी आई आहे, त्याचं काम सहा दिवसांचं असलं तरी मागे जाणार नाही. मग गेटवाल्याला समजवायचं, कारण गेट पावसात भिजलं म्हणून कुणाची झोप मोडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कामंच सरकवणं. आपल्या किनाऱ्याला त्याची सोय निसर्गानेच केली आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि त्यांची कामं येतात. ती मेमध्ये कबूल करूच नका. त्यांची मुदत नारळी पौर्णिमा. चाकरमान्यांच्या घरांची गेटं आणि रेलिंग यांची मुदत गणेश चतुर्थी. गिऱ्हाइक 'मृगाआधी' म्हणालं तरी विचारा, "पावसाआधी होया, की गणपतीआधी चालात?" अर्ध्या लोकांना गणपतीआधी चालतं. त्यांनी विचार केलेला नसतो, एवढंच.

पत्रे आणि प्लाय

छपराचे पत्रे आता मापाचेच मागवता येतात, त्यात कापायचा प्रश्न उरत नाही. प्लायची गोष्ट वेगळी. आठ बाय चारच्या, म्हणजे २,४४० बाय १,२२० च्या तावावर पॅनल सॉ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळच जाते, मधेच वळत नाही. म्हणून आधी लांब पट्ट्या पाडायच्या, एका रुंदीचे तुकडे एका पट्टीत, आणि मग त्या आडव्या कापायच्या. पट्टी ठरली की आतला प्रश्न वरच्या पाईपचाच. दाराच्या फळीला शिरांची दिशा सांभाळा, नाहीतर मोबाईलवरचं कापणीचं ॲप फळी आडवी फिरवून ताव वाचवेल आणि दार गिऱ्हाइकाच्या दारातून परत येईल.

माझ्या शेडमध्ये आता दर सोमवारी सकाळी चॉपसॉ चालू व्हायच्या आधी एक कागद भिंतीला लागतो. वर आठवड्याच्या कामांचा क्रम, खाली प्रत्येक सेक्शनच्या मांडण्या आणि त्यापुढे पाईपची संख्या. गाडी फोंडा घाटात अडकली तर काय, म्हणून त्या संख्येत प्रत्येक सेक्शनला एक पाईप जास्त लिहिलेला असतो. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी त्या कागदावर एका मांडणीला फुली मारून शेजारी दुसरी लिहिली होती. भंगार १४ मिलिमीटरने कमी. मी विचारलं, कसं सुचलं? म्हणाले, "तुका सॉल्व्हर, माका चाळीस वर्सां."